बंद कपाटातली हवा

गुहागरच्या किनाऱ्यावर वेचलेले शंख-शिंपले मी बरीच वर्षं एका काचेच्या बरणीत ठेवले होते. घरात नवं फर्निचर झालं तेव्हा सुताराला सांगून त्यांच्यासाठी मुद्दाम एक उथळ खण करून घेतला. प्लायवूडचा, आतून वॉर्निश केलेला, घट्ट बसणारा. प्रत्येक शंखाखाली कापूस, शेजारी चिठ्ठी: कुठे सापडला, कधी. दोन पावसाळे गेल्यावर एकदा खण ओढला तर आंबूस वास आला. कवड्यांची चकाकी गेली होती. बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला लागली. भिंग लावून पाहिलं, तेव्हा कवडीच्या पाठीवर कापसाच्या तंतूंसारखे बारीक स्फटिक उभे दिसले. समुद्राचा खार राहिला असेल, असं मला वाटलं. सगळे शंख गोड्या पाण्यात धुतले, वाळवले आणि पुन्हा त्याच खणात ठेवले. पुढच्या पावसाळ्यात भुकटी परत आली.

माझ्याआधी जाणत्या संग्राहकांनाही या भुकटीने चकवलं आहे. इंग्लंडमधले शंखसंग्राहक लॉफ्टस सेंट जॉर्ज बाइन यांनी १८९९ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. जीव लावून जमवलेले शंख कपाटातल्या कपाटात खरबरीत आणि निस्तेज होतात, याचं कारण त्यांना हवं होतं. हे जिवाणूंचं काम आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि या प्रकाराला नावही रोगाचंच पडलं: ‘बाइनचा रोग’. ओक लाकडाच्या कपाटांवर रसायनतज्ज्ञांचा संशय गेला तो १९३४ मध्ये. पुढे १९८५ मध्ये नॉर्मन टेनंट आणि थॉमस बेअर्ड यांनी शंखांवरच्या स्फटिकांचं तपशीलवार विश्लेषण प्रसिद्ध केलं, तेव्हा जिवाणूंवरचा आरोप कायमचा मिटला. ते स्फटिक कॅल्शियम आणि दोन सेंद्रिय आम्लं यांच्यापासून झालेल्या क्षारांचे होते. एक ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारं. दुसरं फॉर्मिक आम्ल, म्हणजे मुंग्यांच्या अंगात असणारं.

ही आम्लं शंखांत नसतात. ती येतात लाकडातून. लाकडाच्या पेशींच्या भिंतींत हेमिसेल्युलोज नावाचा एक घटक असतो आणि त्याला ॲसेटिल गट चिकटलेले असतात. दमट हवेत हे गट एकेक करून सुटतात आणि सुटताना ॲसेटिक आम्ल तयार होतं. झाड तोडलं, फळ्या वाळवल्या, कपाट केलं, पॉलिश केलं, तरी हे थांबत नाही. जुन्या ओकची कपाटंसुद्धा आम्ल सोडत राहतात. ओक आणि चेस्टनट ही लाकडं यात सगळ्यांत पुढे असली तरी पूर्ण निर्दोष असं लाकूड नाही. प्लायवूड आणि एमडीएफ यांत तर लाकडाच्या जोडीला डिंक येतो. त्यातून फॉर्माल्डिहाइड हा वायू सुटतो आणि त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल होऊ शकतं. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, निव्वळ चुनखडी. कोकणात आणि गोव्यात शिंपले भाजून घरबांधणीचा चुना करत, तो याचमुळे. चुनखडीवर आम्ल पडलं की ती विरघळणार, मग ते आम्ल बाटलीतून ओतलेलं असो की खणातल्या हवेतून हळूहळू आलेलं असो.

ज्या कपाटावर भरवसा ठेवला, त्याच्यावर संशय घ्यायला एवढी वर्षं लागली. मौल्यवान वस्तू आपण बंद करून ठेवतो. ट्रंकेत, फडताळात, तिजोरीत. धूळ, उंदीर, चोर, ऊन हे सगळे शत्रू बाहेरचे आणि दार लावलं की वस्तू सुखरूप, असा आपला हिशेब असतो. पण दार लावल्यावर आतली हवाही तिथेच कोंडते. मोकळ्या हवेत ॲसेटिक आम्लाचं प्रमाण अब्जात एखाद-दुसरा भाग असतं. लाकडाच्या बंद कपाटात ते शेकडो पट वाढतं, कधी हजारपटही. माणसाच्या नाकाला त्यातलं बरंचसं कळतही नाही. आंबूस वास येऊ लागला, म्हणजे वस्तूंच्या दृष्टीने फार उशीर झालेला असतो.

शंखांपेक्षाही या आम्लाला लवकर बळी पडतं ते शिसं, आणि इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. सातवाहनांची नाणी मोठ्या प्रमाणात शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची आहेत. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, कडेने ब्राह्मी अक्षरं. अशी नाणी मातीत जवळजवळ दोन हजार वर्षं टिकली, कारण मातीत शिशावर एक करडा, घट्ट थर चढतो आणि तोच धातूला राखतो. नाणेसंग्राहकांची जुनी रीत मात्र लाकडी कपाटांची. पातळ खण, खणात गोल खाचा, प्रत्येक खाचेत एक नाणं. लाकूड आम्ल सोडणारं असेल तर शिशाच्या नाण्यावर काही वर्षांतच पांढरी पावडर धरते. नाणं फुगतं, कडा भुसभुशीत होतात आणि राजाचं नाव असलेली अक्षरंच आधी जातात, कारण ती पृष्ठभागावर असतात. पुरातत्त्वज्ञाने मातीतून अलगद उचललेला पुरावा कपाटात नाहीसा होतो, यापेक्षा दुःखाची गोष्ट मला तरी दुसरी वाटत नाही.

त्या पावडरीला रंगारी ओळखतात. तो सफेदा आहे, शिशाचं क्षारीय कार्बोनेट. युरोपात शतकानुशतकं सफेदा असाच बनवत: मातीच्या भांड्यात तळाशी व्हिनेगर, वर शिशाच्या पत्र्याच्या गुंडाळ्या आणि अशी शेकडो भांडी घोड्याच्या लिदीत पुरलेली. लिदीतून ऊब आणि कार्बन डायऑक्साइड मिळे, व्हिनेगरमधून आम्लाची वाफ. काही महिन्यांनी शिशाचा पांढरा चुरा खरवडून काढत. चित्रकारांचा शुभ्र रंग तो हाच. आता लाकडी खणाकडे पाहा. आम्लाची वाफ लाकडाची, कार्बन डायऑक्साइड हवेतला, ऊब आपल्या उन्हाळ्याची, ओल पावसाळ्याची. कारखान्याची सगळी सामग्री हजर आहे. शिवाय या क्रियेत आम्ल खर्ची पडत नाही. आधी शिशाचं ॲसेटेट होतं, मग त्याचं कार्बोनेट होताना आम्ल पुन्हा मोकळं होतं आणि पुढच्या थराला लागतं. म्हणून हवेतलं अगदी थोडं आम्लही वर्षानुवर्षं काम करू शकतं.

नाण्यांसारखीच गत शिशाच्या एका वाद्याची झाली. जर्मनीतल्या ल्युबेक शहरात सेंट याकोबी चर्चमध्ये स्टेलवागन या कारागिराने १६३७ मध्ये पूर्ण केलेला ऑर्गन आहे. त्याच्या नळ्यांमध्ये शिशाचं प्रमाण मोठं. या नळ्या ज्या हवेच्या पेटीवर उभ्या असतात ती ओकची. आपल्या हार्मोनियमच्या भात्यासारखी तिच्यातून हवा नळ्यांत जाते, म्हणजे लाकडातली आम्लयुक्त हवा थेट शिशात फुंकली जाते. नळ्यांचे खालचे निमुळते भाग आतून पोखरले गेले, त्यांना भेगा आणि भोकं पडली. साडेतीन शतकांचा आवाज बिघडायला लागला, तेव्हा युरोपातल्या संशोधकांनी एकत्र येऊन या प्रकाराचा अभ्यास केला. तिथेही ॲसेटिक आम्लच सापडलं.

संग्रहालयाच्या हवेचा विचार सुरू झाला तो धुरावरून. लंडनच्या अथेनियम क्लबात गॅसचे दिवे लागत. त्या ग्रंथालयातल्या पुस्तकांची कातडी बांधणी भुगा होऊन पडू लागली, तेव्हा १८४०च्या दशकात शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी तिकडे लक्ष घातलं. गॅसमधल्या गंधकाने हे होतंय, असं त्यांनी ओळखलं आणि दिव्यांची वाफ नळीने बाहेर नेण्याची व्यवस्था सुचवली. १८५० मध्ये विल्यम रसेल आणि चित्रकार चार्ल्स ईस्टलेक यांच्यासह त्यांनी लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रांचा प्रश्न हाती घेतला. भोवती धुराडी, आत गर्दी. उपाय ठरला काचेचा: चित्रांवर काच लावा. तो उपाय योग्यच होता. इमारतीच्या भिंती, पडदे, गालिचे बाहेरचा सल्फर डायऑक्साइड आणि ओझोन शोषून घेतात, आणि त्यातून उरलेला वायूही चांगल्या बंद पेटीत फारसा पोचत नाही. आजच्या उत्तम प्रदर्शनपेट्या इतक्या घट्ट असतात की त्यांच्यातली सगळी हवा बदलायला दहा दिवस लागावेत.

पण घट्टपणा दोन्ही बाजूंनी लागू होतो. दहा दिवस बाहेरची हवा आत येत नाही, तसं आतून सुटलेलं आम्लही दहा दिवस बाहेर जात नाही. म्हणून पेटी किती घट्ट आहे हे विचारण्याआधी ती कशाची केली आहे, हे विचारायला हवं. लाखो रुपयांच्या काचेच्या पेटीत तळाला एमडीएफची फळी, तिच्यावर गोंदाने डकवलेलं रंगीत कापड आणि कडेला रबराची पट्टी असेल, तर ती वस्तू उघड्या टेबलावर बरी होती असं म्हणायची वेळ येते.

ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यावर एक साधी परीक्षा प्रसिद्ध केली. आज जगभर ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कापड, रंग, फळी, गोंद, फोम, जे काही पेटीत वापरायचं असेल त्याचा छोटा तुकडा एका काचेच्या भांड्यात घ्यायचा. त्याच भांड्यात चांदी, तांबं आणि शिसं यांच्या घासून लख्ख केलेल्या पट्ट्या ठेवायच्या. थोडं पाणी घालून हवा पूर्ण दमट करायची, झाकण घट्ट लावायचं आणि ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचं. शेजारी नुसत्या पट्ट्यांचं, नमुना नसलेलं एक भांडं तुलनेसाठी. महिन्याने पाहायचं. चांदी काळवंडली तर नमुन्यात गंधक आहे. शिशावर पांढरं आलं तर सेंद्रिय आम्ल आहे. दुकानदार काय सांगतो, वेष्टनावर काय छापलंय याने काहीच ठरत नाही, ठरतं ते पट्टीवर. या परीक्षेची ही शिस्त मला फार आवडते.

चांदीचा अनुभव तर घराघरात असतो. आमच्याकडे लग्नातल्या चांदीच्या चार वाट्या एकात एक घालून, हलू नयेत म्हणून रबरबँड लावून ठेवल्या होत्या. वर्षाने काढल्या तेव्हा बाकी वाटी फिकट पिवळसर झाली होती आणि जिथे रबर होतं तिथे कोळशाने आखल्यासारखी काळी रेघ होती, रबरबँडच्या रुंदीएवढीच. रबर टिकाऊ करताना त्यात गंधक मिसळतात. ते गंधक सुटून चांदीला भिडलं. लोकरीतूनही गंधकाचे वायू सुटतात, म्हणून चांदी लोकरीच्या कापडात गुंडाळू नये. हाच नियम पैठणीला. जुन्या पैठणीच्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. मुलामा झिजला की चांदी उघडी पडते आणि पदरावरचे मोर काळे दिसू लागतात. आजीच्या काळी पैठणी धुतलेल्या मलमलीत बांधून ठेवत आणि मधूनमधून उलगडून घडी बदलत. कापडातून हवा खेळते, ओल कोंडत नाही, घडीवर ताण राहत नाही. दुकानातून आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ती तशीच वर्षानुवर्षं ठेवणं हा मागाहून आलेला प्रकार आहे.

या सगळ्या क्रियांना वेग देतात दोन गोष्टी: ऊब आणि ओल. मुंबईत पावसाळ्यात हवेची आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. ६५-७० टक्क्यांच्या पुढे बुरशीला सोयीचं वातावरण सुरू होतं. यावर उपाय म्हणून वातानुकूलन बसवलं जातं, पण अनेक ठिकाणी प्रेक्षक गेले की संध्याकाळी ते बंद करतात. दिवसा कोरडी थंड हवा, रात्री दमट उकाडा. लाकूड, हस्तिदंत, कागद, कॅनव्हास रोज आकसतात आणि रोज फुगतात. रंगाचा थर त्यांच्याबरोबर तेवढा ताणत नाही, म्हणून तो तडकतो. माझं स्पष्ट मत आहे की रात्री बंद करायचं असेल तर ते यंत्र त्या दालनात बसवूच नये. उंच छत, जाड भिंती आणि सावलीचे व्हरांडे असलेली जुनी इमारत त्यापेक्षा वस्तूंना सांभाळून घेते.

स्थिर हवेचं मोल युद्धाने दाखवून दिलं. १९४१ पासून नॅशनल गॅलरीची चित्रं बॉम्बपासून वाचवायला वेल्समधल्या मॅनॉडच्या स्लेटखाणीत ठेवली होती. तिथे तापमान सुमारे १७ अंश आणि आर्द्रता ४२ टक्के, बारा महिने तेवढीच. लाकडी फळ्यांवरच्या जुन्या चित्रांचे पोपडे सुटणं तिथे जवळजवळ थांबलं. युद्ध संपून चित्रं लंडनला परतली आणि पोपडे पुन्हा सुटू लागले. गॅलरीत वातानुकूलन आलं त्यामागे हा अनुभव होता.

जी कलाकृती पेटीत घालताच येत नाही, तिच्याभोवती माणसांचा श्वास असतो. फ्रान्समधली प्राचीन भित्तिचित्रांची लास्कोची गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली झाली. रोज हजारावर माणसं येत. त्यांच्या श्वासातल्या वाफेमुळे आणि कार्बन डायऑक्साइडमुळे चित्रांवर शेवाळ आणि चुनखडीचा पांढरा थर धरू लागला. १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. अजिंठ्यात आपण दार बंद करू शकत नाही आणि करूही नये, पण खासगी गाड्या काही किलोमीटर अलीकडेच थांबवून प्रवाशांना पुढे बसने नेण्याचा निर्णय याच काळजीतून आलेला आहे. पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर उभं राहिल्यावर आपण बाहेर टाकलेला श्वासही त्याच भिंतीकडे जातो, हे मला आता विसरता येत नाही.

उपाय फार अवघड नाहीत. पावडर कोटिंग केलेली पोलादी कपाटं लाकडापेक्षा चांगली. लाकूड काढताच येत नसेल तर ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पटलाने ते आतून मढवतात, कारण नुसतं वॉर्निश आम्ल अडवत नाही. पेटीत सक्रिय कोळसा ठेवतात, तो वायू शोषतो. सिलिका जेल ओल सांभाळतं. खणाला भोकं पाडून हवा खेळती ठेवणं हा तर बिनखर्चाचा उपाय, धूळ गाळायला त्यावर कापड लावलं की झालं. माझे शंख मी परत बरणीत ठेवले. खाल्ले गेलेले तसेच राहिले, त्यांची चकाकी परत येत नाही. रिकाम्या खणात मी मासेमारीच्या जाळ्याला लावतात तो शिशाचा एक गोळा घासून ठेवला. पावसाळा संपेपर्यंत त्यावर सफेदा धरला होता.

आतापर्यंत विषाचा उगम वस्तूच्या बाहेर होता: लाकूड, रबर, गोंद, श्वास. चित्रपटाच्या रिळाची गोष्ट याहून कठीण, कारण तिथे आम्ल वस्तूच सोडते. सुरुवातीची फिल्म नायट्रेटची होती, भडकन पेटणारी. तिच्या जागी १९४८ पासून सेल्युलोज ट्रायॲसेटेटची फिल्म आली. ती तशी भडकन पेट घेत नसे, म्हणून तिच्या कडेवर ‘सेफ्टी’ असं छापलेलं असे. पण तिच्यातही तेच ॲसेटिल गट आहेत. ओल आणि ऊब मिळाली की ते सुटतात, ॲसेटिक आम्ल होतं, आणि ते आम्लच उरलेल्या गटांना सोडवायला मदत करतं. एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो. या दुखण्याची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली ती भारत सरकारकडून, १९५०च्या दशकातच. आपल्या उष्ण, दमट हवेत ठेवलेल्या रिळांनी जगाला ही बातमी दिली. डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो, म्हणून याला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी देशभर फिरून त्यासाठी रिळं मिळवली. चित्रपटाचं आयुष्य थिएटरमधल्या शेवटच्या खेळाबरोबर संपतं, असं जवळजवळ सगळेच मानत होते तेव्हाचं हे काम. अशा संग्रहात रोजची लढाई डब्यातल्या हवेशी असते. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत ताजी ॲसेटेट फिल्म साधारण ४० वर्षांनी आंबू लागते. आपल्या हवेत नुसत्या खोलीत ठेवली तर याहून फार लवकर. गारठ्यात ठेवली तर तीच फिल्म शतकं काढू शकते.

कोणतं रीळ कुठवर आलं आहे हे वासावर सोडत नाहीत. डब्यात कागदाची एक निळी पट्टी ठेवतात आणि झाकण लावतात. दिवसभराने पट्टी निळीच असेल तर रीळ चांगलं, हिरवट झाली तर आंबायला लागलंय, पिवळी पडली तर प्रकरण गंभीर. पिवळ्या पट्टीचा डबा लगेच वेगळा काढतात, कारण त्यातली वाफ शेजारच्या निरोगी रिळांनाही लागते. घट्ट पत्र्याच्या डब्याऐवजी हवा जाऊ शकेल असे डबे वापरतात. तरीही त्या रिळाकडे फार दिवस नसतात. आम्लाबरोबर फिल्म आकसत जाते, कडेची भोकं एकमेकांच्या जवळ येतात, आणि एक दिवस ती स्कॅनरच्या दात्यांवर बसत नाहीत. म्हणून ज्याची पट्टी पिवळी, ते रीळ रांगेत सगळ्यांच्या पुढे घेतात.